माल्टाचा ताप आणि धोफारचे दूध

खरीफच्या दिवसांत एकदा तरी सलालाला जाऊन आला नाही, असा मस्कतमधला मराठी माणूस विरळाच. जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत इकडे मस्कतला अंगाची लाही होत असते आणि तिकडे हजारेक किलोमीटर दक्षिणेला धोफारच्या डोंगरांवर धुके उतरते, झिमझिम पाऊस पडतो, सगळीकडे हिरवेगार होते. आपल्याला लगेच महाबळेश्वर, माळशेज आठवतात आणि गळा दाटून येतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघे, म्हणजे मी, पत्नी आणि आमची कन्या, असेच गाडी काढून गेलो होतो. ऑफिसातल्या एका ओमानी सहकाऱ्याचे काका डोंगरावर उंट आणि शेळ्या राखून होते. त्यांच्याकडे गेल्यावर म्हातारबुवांनी आमच्या देखत उंटिणीचे दूध काढले आणि फेसाने भरलेले भांडे माझ्या हाती दिले. दूध कोमट होते, किंचित खारट आणि फार चवदार. पत्नीला दुधाच्या वासानेच मळमळते, त्यामुळे ती सुटली. कन्येने नाक मुरडले. पाहुणचाराचा मान राखायला घरातला एकजण तरी हवा, म्हणून मी भांडे रिकामे केले, वर आणखी अर्धे मागून घेतले.

या लेखाचा विषय ते दीड भांडे दूध हा आहे.

ऑक्टोबरात मला संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. सकाळी ठणठणीत. दुपारी चार-साडेचारला अंग मोडून यायचे, रात्री घामाने उशी भिजायची. मस्कतच्या एका दवाखान्यात आधी ‘व्हायरल’ म्हणाले. ताप हटेना, तेव्हा विडाल चाचणी झाली. ती धड होकारही देईना आणि नकारही. टायफॉइड समजून औषध दिले. ताप उतरला, मी खूश झालो आणि दहा-बारा दिवसांत तो परत आला. येताना कंबरदुखी घेऊन आला. दिवाळीला पुण्याला गेलो तोपर्यंत मला वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. तिथे एम.आर.आय. काढला. कमरेच्या मणक्यात काहीतरी पोखरले गेले होते. आपल्याकडे संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरलेले वजन आणि मणक्यातली कीड म्हटले की पहिले नाव क्षयाचे येते आणि ते येणे रास्तच आहे. क्षयाची औषधे सुरू झाली. दीड-दोन महिन्यांत मला बरे वाटू लागले. निदान बरोबर होते, अशी सगळ्यांची खात्री पटली. माझीही पटली.

इथे एक कबुली द्यायला हवी. पुण्याच्या डॉक्टरांनी मला विचारले होते, “बाहेरचे काही खाण्या-पिण्यात आले का?” मी ठामपणे म्हणालो, “छे हो, आम्ही मस्कतला पाणीसुद्धा बाटलीचे पितो.” खोटे बोलायचे म्हणून बोललो नव्हतो. बाहेरचे म्हणजे गाडीवरचे, हॉटेलातले, उघड्यावरचे. कोणी मायेने हातात दिलेले दूध माझ्या मनाने ‘बाहेरचे’ या सदरात कधी टाकलेच नव्हते. दूध म्हणजे सात्त्विक, नैवेद्याचे, आजाऱ्याला द्यायचे. त्याच्यावर संशय घेणार कोण?

फेब्रुवारीत, औषधे चालू असतानाच, ताप पुन्हा आला. मी मस्कतला परतलो होतो. माझ्या नावामागे ‘डॉक्टर’ असल्यामुळे इथल्या परिचारिका मला वैद्यकातला समजतात. या डॉक्टरला स्वतःचे यकृत कुठल्या बाजूला आहे हेही नीट सांगता येत नाही, हे मी दर वेळी खुलासेवार सांगतो. त्या दिवशी समोर एक तरुण ओमानी डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी फाइल चाळली, मला पलंगावर आडवे करून प्लीहा चाचपली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “गेल्या खरीफला सलालाला गेला होतात? तिथे दूध प्यालात?”

दुसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल आला. ब्रुसेलोसिस. अरबीत ‘हुम्मा मालतिय्या’, म्हणजे माल्टाचा ताप. पाच महिने आणि दोन देशांतले चार डॉक्टर यांना जे उमगले नाही, ते एका प्रश्नाने सुटले. क्षयाच्या औषधांतले रिफॅम्पिसिन या जंतूवरही चालते. त्यामुळे मला आधी बरे वाटले होते. पण या जंतूला एकट्या औषधाने मारता येत नाही, तो आपल्या पेशींच्या आत दडून बसतो. म्हणून ताप परतला. चुकीच्या निदानाला अर्धवट बरोबर औषधाने दुजोरा दिला होता! आमच्या संगणकाच्या धंद्यात याहून वाईट बग नसतो. प्रोग्राम चुकीचा असूनही उत्तर काही काळ बरोबर येत राहते.

डॉक्सिसायक्लिन, जोडीला दुसरे औषध, आणि मणका धरला होता म्हणून सहा आठवड्यांऐवजी तीन महिने अशी शिक्षा झाली. त्या काळात घरी पडून या आजाराचा इतिहास वाचला. तो आपल्यासारख्या देश सोडून राहणाऱ्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे.

माल्टा हे भूमध्य समुद्रातले चिमुकले बेट. एकोणिसाव्या शतकात तिथे ब्रिटिशांचा मोठा आरमारी तळ होता. क्रिमियाच्या युद्धापासून (१८५३–५६) तिथल्या शिपायांना एक विचित्र ताप छळत होता. तो आठवडे-महिने टिकायचा, लाटेसारखा चढायचा-उतरायचा, माणूस मरायचा क्वचित पण कामातून जायचा. टायफॉइड, हिवताप, सांधेवात यांच्या गर्दीतून हा आजार वेगळा काढून दाखवला जेफ्री मार्स्टन या लष्करी डॉक्टरने, १८६० च्या सुमारास. त्याला तो जमला, कारण तो स्वतःच आजारी पडला होता आणि स्वतःचे दुखणे त्याने टिपून ठेवले होते.

१८८४ मध्ये डेव्हिड ब्रूस हा नवविवाहित लष्करी डॉक्टर माल्टात दाखल झाला. पत्नी मेरी त्याची प्रयोगशाळेतली मदतनीस, आणि डॉ. कारुआना-शिक्लुना या स्थानिक डॉक्टरांचे साहाय्य. तापाने मेलेल्या शिपायांच्या प्लीहेतून ब्रूसने १८८७ साली एक अतिसूक्ष्म जंतू वाढवून दाखवला. माल्टाच्या जुन्या ‘मेलिटा’ या नावावरून त्याचे नाव पडले मेलिटेन्सिस. पुढे १९२० मध्ये ब्रूसच्या सन्मानार्थ या जंतूंच्या कुळाला ब्रुसेला म्हणू लागले.

जंतू सापडला, पण तो माणसात येतो कुठून हे अठरा वर्षे कळले नाही. लोक गटारांवर, हवेवर, डासांवर संशय घेत राहिले. अखेर १९०४ मध्ये ब्रूसच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला. त्यात थेमिस्टोक्लिस झामिट हे माल्टाचे डॉक्टर होते. त्या काळी व्हॅलेटाच्या रस्त्यांवरून शेळ्यांचे कळप दारोदार फिरत आणि गिऱ्हाइकाच्या उंबरठ्यावर धार काढून दिली जाई. याहून ताजे आणि शुद्ध दूध ते कोणते, असेच सगळ्यांना वाटे. शेळ्या दिसायला धडधाकट, म्हणून त्यांना हा रोग होत नाही अशी समजूत होती. १९०५ च्या उन्हाळ्यात झामिटांनी शेळ्यांचे रक्त तपासले आणि त्यांनाच धक्का बसला. जवळपास निम्म्या शेळ्यांच्या रक्तात रोगाची खूण होती आणि त्यांतल्या काहींच्या दुधातून जिवंत जंतू बाहेर पडत होते. हेच झामिट पुढे पुरातत्त्वज्ञ म्हणून नावारूपाला आले. जमिनीखालची प्राचीन मंदिरे उकरून काढणाऱ्या माणसाने आधी उंबरठ्यावरच्या दुधातले रहस्य उकरले होते!

त्याच वर्षी नियतीने स्वतःच एक प्रयोग करून दाखवला. माल्टाच्या साठावर दुभत्या शेळ्या घेऊन ‘जोशुआ निकल्सन’ नावाची बोट अमेरिकेकडे निघाली. वाटेत खलाशांनी मनसोक्त दूध प्यायले आणि त्यांतले अनेक जण तापाने पडले. १९०६ मध्ये लष्कराच्या रसदीतून शेळीचे कच्चे दूध बंद झाले आणि दरसाल शेकड्यांनी आजारी पडणाऱ्या सैन्यातला ताप बघता बघता ओसरला. माल्टाची सामान्य प्रजा मात्र तेच दूध पीत राहिली आणि तोच ताप भोगत राहिली. शिपायाला हुकूम देता येतो, घरच्या माणसाला नाही. दूध शास्त्रीय पद्धतीने तापवून, म्हणजे पाश्चराइझ करून, विकायला तिथे १९३८ उजाडावे लागले.

आता निदानाची गोष्ट. पुण्यात प्लेग थैमान घालत होता त्याच १८९७ साली, इंग्लंडमधल्या नेटली येथील लष्करी वैद्यकीय विद्यालयात ॲल्मरॉथ राइट यांनी या तापासाठी रक्ताची चाचणी बसवली. विडाल यांनी आदल्याच वर्षी टायफॉइडसाठी जे केले होते, तेच तत्त्व इथे वापरले होते. रोग्याच्या रक्तजलात मेलेले जंतू मिसळायचे, ते गोळा होऊन खाली बसले तर रोग आहे. आजही या जातीची चाचणी वापरतात. तिच्यात एक गंमत आहे. रोग्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये फारच जास्त असतील, तर जंतूंचे गोळे होतच नाहीत आणि चाचणी ‘निरोगी’ म्हणते! मग रक्तजल पुन्हा पुन्हा पातळ करून पाहावे लागते. पुरावा उदंड झाला की पुरावाच दिसेनासा होतो.

रक्तातून प्रत्यक्ष जंतू वाढवून पाहावा म्हटले तर तो भलता मंद. इतर जंतू एक-दोन दिवसांत दिसतात, हा आठवडाभर, जुन्या पद्धतीत तर तीन-चार आठवडेही वाट पाहायला लावतो. ‘काही वाढले नाही’ असा शेरा मारून बाटली टाकून दिली की संपले. त्यातून तो वाढलाच, तरी यंत्राला ओळखता येईल असे नाही. जंतू ओळखण्याच्या एका प्रचलित संचाने ब्रुसेलाला मोरॅक्सेला ठरवल्याचे उदाहरण १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. कारण साधे होते. संचाच्या यादीत ब्रुसेलाचे नावच नव्हते, म्हणून यंत्राने सर्वांत जवळचे नाव सांगितले. पुढच्या पिढीच्या महागड्या यंत्रांचीही गत काहीशी अशीच झाली. ब्रुसेला हा युद्धात अस्त्र म्हणून वापरला जाऊ शकणारा जंतू, म्हणून त्याची माहिती नेहमीच्या संग्रहातून काढून वेगळी ठेवलेली असायची. मग यंत्र त्याला त्याच्या एका निरुपद्रवी भाऊबंदाचे नाव द्यायचे. ज्यांचे पोट संगणकाच्या माहितीसाठ्यांवर चालते, त्या माझ्यासारख्याला हे वाचून हसू आले आणि मग घाम फुटला. हा जंतू प्रयोगशाळेतल्या माणसांना सहज बाधतो. चुकीचे नाव मिळाल्यामुळे बेसावधपणे बशी हाताळणारा तंत्रज्ञही आजारी पडू शकतो. म्हणून डॉक्टरने नुसता नमुना पाठवून भागत नाही. ‘ब्रुसेलाचा संशय आहे’ एवढे दोन शब्द सोबत पाठवावे लागतात. आणि ते दोन शब्द डॉक्टरला सुचण्यासाठी रोग्याने दुधाचे सांगावे लागते.

या आजाराची सगळ्यांत क्रूर बाजू वेगळीच आहे. रोग्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. सकाळी बरा दिसणारा माणूस संध्याकाळी आजारी आहे म्हणतो. वजन-माप करून दाखवावे असे फारसे काही नसते. थकवा, खिन्नता, अंगदुखी, बस्स. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५५ च्या मे महिन्यात क्रिमियात तापाने पडल्या. पुढे कित्येक वर्षे त्या अंथरुणाला खिळून राहिल्या. त्यांना मानसिक दुखणे आहे, त्या सोंग करतात, असे चरित्रकारांनीही लिहिले. १९९५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या एका लेखाने त्यांची लक्षणे ताडून पाहिली आणि तो बहुधा जुनाट ब्रुसेलोसिस असावा असे मांडले. त्यांच्या मृत्यूनंतर पंच्याऐंशी वर्षांनी!

दुसरी हकीगत ॲलिस इव्हान्स यांची. अमेरिकेच्या शेती खात्याच्या दुग्धविभागात त्या काम करीत. माल्टाच्या शेळ्यांमधला जंतू आणि डेन्मार्कच्या बर्नहार्ट बँग यांना १८९७ मध्ये गाभडणाऱ्या गाईंमध्ये सापडलेला जंतू हे सख्खे भाऊ आहेत, म्हणजे गाईचे कच्चे दूधही धोक्याचे आहे, हे त्यांनी १९१८ मध्ये लिहिले. डॉक्टरेट नसलेल्या एका बाईचे कोण ऐकणार? थिओबाल्ड स्मिथ यांच्यासारख्या दिग्गजाने विरोध केला. दूध-व्यावसायिकांनी तर ही बाई दूध तापवायची यंत्रे विकणाऱ्यांना सामील आहे असे म्हटले. १९२२ मध्ये काम करता करता त्यांना स्वतःलाच या जंतूची बाधा झाली. हा आजार जगात ज्यांना सर्वांत जास्त कळत होता त्यांच्यापैकी एक असूनही, त्यांच्याही दुखण्याला काही वर्षे ‘मज्जादौर्बल्य’ म्हटले गेले. ताप त्यांना वीसेक वर्षे अधूनमधून छळत राहिला. १९२८ मध्ये अमेरिकेच्या जंतुशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्यांना अध्यक्ष केले, हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. दूध तापवून विकण्याचे कायदेही पुढे झाले.

मला हे वाचताना माझे मामा आठवले. सातारा जिल्ह्यात त्यांच्याकडे आठ-दहा गाई-म्हशी होत्या. एखाद्या वर्षी लागोपाठ दोन-तीन गाई गाभडायच्या, एखादीची वार अडकायची आणि मामा कोपरापर्यंत हात घालून ती काढायचे, तेही उघड्या हाताने. दूध आम्ही तापवूनच प्यायचो, चुलीवरून ते उतू गेले की मामी हळहळायच्या. पण हा जंतू नुसत्या दुधातून येत नाही. गाभडलेले वासरू, वार, त्यातले पाणी यांतूनही तो हाताच्या चिरेतून आत शिरतो. मामांना चाळिशीपासून कंबरदुखी होती. मधूनच कणकण यायची, चार दिवस ते बाजेवर पडून राहायचे. कोणी वात म्हणे, कोणी बाहेरची बाधा म्हणे. भाऊबंद म्हणत, “पेरणीच्या वेळीच बरी याची कंबर धरते.” कामचुकार हा शिक्का घेऊनच ते गेले. त्यांना काय झाले होते हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण त्यांना कोणी तो प्रश्न कधी विचारला नाही, एवढे मात्र खरे. जनावरांचा डॉक्टर गाईसाठी यायचा, माणसांचा डॉक्टर मामांसाठी, आणि त्या दोघांची गाठ कधी पडली नाही.

म्हणजे हा ‘अरबी’ आजार आहे असे समजायचे कारण नाही. तो आपल्या गोठ्यातही आहे. भारत सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय मोहिमेत लाळ्या-खुरकुताच्या जोडीने ब्रुसेलोसिसचा समावेश केला आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना लस टोचायचे ठरले. आपल्याला दूध तापवण्याच्या सवयीने वाचवले, पण त्यामुळेच आपल्या डॉक्टरांच्या मनात हे नाव चटकन येत नाही.

ओमानमध्ये उलट आहे. इथे या आजाराचे बहुतेक रुग्ण धोफारमध्ये सापडतात, कारण तिथे डोंगरावर गाई, शेळ्या, उंट माणसांच्या घराशी राहतात आणि कच्चे दूध पिणे हा जगण्याचा भाग आहे. सुलतान काबूस १९७० मध्ये गादीवर आले त्याआधी देशभरात आधुनिक उपचार म्हणजे मुख्यतः मुत्राहचे अमेरिकन मिशनचे रुग्णालय. १९८७ मध्ये रॉयल हॉस्पिटल आणि १९९० मध्ये सुलतान काबूस विद्यापीठाचे रुग्णालय सुरू झाले, प्रयोगशाळा आल्या, आणि मग आजपर्यंत नुसता ‘ताप’ असलेल्या आजारांना नावे मिळू लागली. शेळ्यामेंढ्यांपासूनच पसरणाऱ्या क्यू-ज्वराची ओमानमधली पहिली नोंद प्रसिद्ध व्हायला २००० साल उजाडले. यातला ‘क्यू’ म्हणजे इंग्रजीतला प्रश्न. ऑस्ट्रेलियात १९३५ मध्ये या तापाचे कारण कळेना, म्हणून डॉक्टरांनी त्याचे नावच ‘प्रश्नज्वर’ ठेवले होते. जनावरांना लस टोचणे, कच्च्या दुधाबद्दल लोकांना समजावणे हे इथे चालू असते. पण ज्या म्हाताऱ्याच्या सात पिढ्या धारोष्ण दुधावर वाढल्या, त्याला दूध उकळ म्हणणे म्हणजे आपल्या आजीला तुळशीचे पाणी गाळून पी म्हणण्यासारखे आहे. त्या काकांवर माझा राग नाही. त्यांनी घरातले सर्वांत चांगले होते ते दिले.

राग पुण्याच्या डॉक्टरांवरही नाही. आपल्यासारखी माणसे दोन देशांत राहतात आणि दोन्हीकडचे डॉक्टर आपापल्या मुलखातले आजार ओळखतात. पुण्याचा डॉक्टर क्षय ओळखतो, मस्कतचा माल्टाचा ताप ओळखतो. आपण मात्र एकीकडचा आजार दुसरीकडे घेऊन जातो आणि मधला धागा फक्त आपल्या तोंडी असतो. तो धागा कुठल्याही फाइलमध्ये नसतो, यंत्रात नसतो. उलट दिशेनेही हेच घडते. सुट्टीत गावाकडे जाऊन इकडे आल्यावर ताप आला, तर इथल्या डॉक्टरला गावाचे, गोठ्याचे, भातशेतीचे सांगितलेच पाहिजे.

म्हणून मंडळी, या खरीफला सलालाला जरूर जा. कोणी प्रेमाने दूध दिले तर हात जोडून म्हणा, “काका, थोडे उकळून द्याल का, आमच्याकडे तशीच रीत आहे.” डोंगरावरच्या ताज्या लोण्याचे, चीजचेही तेच. आणि तरीही कधी रेंगाळणारा ताप आलाच, तर डॉक्टरने विचारायची वाट पाहू नका. गेल्या सहा महिन्यांत कुठे गेलो, काय प्यालो, कुठल्या जनावराजवळ होतो, हे कागदावर लिहून समोर ठेवा. क्षुल्लक वाटेल तेही लिहा.

मी आता बरा आहे, वाकून बुटाची नाडी बांधतो. गेल्या वर्षी त्या काकांकडे पुन्हा गेलो होतो. माझी हकीगत ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग उठले, दूध चुलीवर ठेवले आणि ते उतू जाईपर्यंत माझ्याशेजारी बसून राहिले. मला मामींची आठवण झाली. ते दूध आम्ही दोघांनी मिळून प्यायले.